वळणाबाहेरची जागा

आमच्या गॅरेजच्या भिंतीवर सात काळ्या रेषा आहेत. पहिल्यांदा येणाऱ्याला त्या काय आहेत ते कळत नाही. गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाने मान तिरकी करून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "भैया, ये कौन सी भाषा है?" शेजारच्या बंगाली काकूंना एका रेषेत बदक दिसलं, दुसरीत पाय दुमडून बसलेला माणूस. मी सांगितलं, की हे मोटारींच्या शर्यतीचे ट्रॅक आहेत; विमानातून पाहिले तर जमिनीवर असे दिसतील. त्या म्हणाल्या, "पण यांच्यातला एकही कुठे पोचत नाही." खरं आहे. सगळे फिरून जिथून निघाले तिथेच येतात.

प्लायवूडचे हे ट्रॅक मी आणि माझ्या मुलाने गेल्या हिवाळ्यात केले. मी फेब्रुवारी २०२४ मध्ये भिलाईच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झालो. सेक्टरमधलं क्वार्टर सोडलं, रिसालीत स्वतःच्या घरात आलो आणि आयुष्यात पहिल्यांदा मला शटर असलेलं गॅरेज मिळालं. त्यात गाडी कमी आणि माझी हत्यारं जास्त. माझे वडील भंडारा जिल्ह्यातून इथे आले ते सुतार म्हणून. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी इथल्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं, त्याच्या आधीची दोन वर्षं ते काँक्रीटसाठी लाकडी फळ्या ठोकत होते. त्यांचा रंधा आणि दोन पटाश्या अजून माझ्याकडे आहेत. मी कारखान्याच्या पॅटर्न शॉपमध्ये चाळीस वर्षं काढली, म्हणजे लाकूड सुटलं नाहीच.

पॅटर्न म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पोलादाचा एखादा भाग ओतायचा असेल तर आधी तो लाकडाचा करतात. तो वाळूत दाबतात, काढून घेतात, आणि वाळूत जी पोकळी राहते तिच्यात वितळलेला धातू ओततात. लोकांना वाटतं, लाकडाचा नमुना हुबेहूब हवा. हुबेहूब केला तर तो भाग वाया जातो. पोलाद गार होताना आक्रसतं, मीटरमागे साधारण वीस मिलिमीटर. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करतात. त्यासाठी आमची फूटपट्टीच वेगळी असते, तिच्यावरचा मीटर खऱ्या मीटरपेक्षा वीस मिलिमीटरने लांब. बिडाची पट्टी आणखी वेगळी. शिवाय पुढे यंत्रावर तासलं जाणार म्हणून काही मिलिमीटर जास्त ठेवायचे, आणि वाळूतून काढताना कडा फुटू नयेत म्हणून बाजूंना किंचित उतार द्यायचा. या सगळ्याला आम्ही सूट म्हणतो. आमच्या मिस्त्रींचं पहिल्या दिवसाचं वाक्य होतं: धातू तुझ्या मापाने वागणार नाही, त्याच्या वागण्याची जागा तू आधीच सोडायची.

मुलगा वीस वर्षांचा आहे. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. सातवीत असताना त्याने टीव्हीवर जुन्या शर्यतींची क्षणचित्रं पाहिली आणि तेव्हापासून त्याच्या खोलीत बुद्ध सर्किटचं एक फाटकं पोस्टर आहे. ग्रेटर नोएडाचा तो ट्रॅक, ५.१२५ किलोमीटरचा, सोळा वळणांचा. २०११, २०१२ आणि २०१३ अशा तीन वर्षी तिथे फॉर्म्युला वनची शर्यत झाली, तिन्ही सेबास्टियन वेटेलने जिंकल्या. नंतर करावरून वाद झाला आणि शर्यत गेली ती गेलीच. गेल्या ऑक्टोबरमध्ये मुलाने ते पोस्टर गॅरेजात आणलं आणि म्हणाला, "बाबा, हा शेप लकडी में बन जाएगा क्या?" आमच्या घरात मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात राहतात. मी म्हटलं, "काहून नाही बनणार? पण मोजून बनवू."

मोजण्यावरूनच पहिलं भांडण झालं. त्याचं म्हणणं, सगळे ट्रॅक एकाच आकाराचे करू, भिंतीवर चांगले दिसतील. बाजारात विकत मिळतात ते तसेच असतात. मी म्हटलं, मग मोनॅको आणि स्पा सारखेच दिसतील, एक ३.३३७ किलोमीटरचा, दुसरा ७.००४ चा. प्रमाण एकच हवं. शेवटी पाच हजारास एक हे प्रमाण ठरलं, म्हणजे एका किलोमीटरला वीस सेंटीमीटर. बुद्धची रेषा भरली एक मीटर अडीच सेंटीमीटर, मोनॅकोची पाऊण मीटरहूनही कमी, स्पाची एक मीटर चाळीस. जर्मनीतला नुर्बुर्गरिंगचा जुना वळसाही त्याला हवा होता, तो वीस किलोमीटरहून लांब. त्याला चार मीटरहून जास्त लांबीची पट्टी लागली असती. "त्यासाठी घर बदलावं लागेल," मी म्हटलं, आणि तो विषय संपला.

प्रमाणाच्या बाबतीत एवढा ताठ राहून मीच पुढे खोटेपणा केला. खरा ट्रॅक साधारण बारा ते पंधरा मीटर रुंद असतो. आमच्या प्रमाणात ते तीन मिलिमीटरही भरत नाहीत. तीन मिलिमीटरची प्लायवूडची पट्टी हातात घेताच मोडते. म्हणून पट्टी बारा मिलिमीटरची केली. त्या हिशेबाने भिंतीवरचे आमचे सगळे ट्रॅक साठ मीटर रुंद आहेत. मुलगा हसला, "बाबा, इतना चौडा हो तो कोई भी जीत जाए."

कामाची पद्धत साधी आहे. उपग्रहाच्या चित्रावरून मुलगा संगणकावर रेषा काढायचा आणि ए-फोरच्या कागदांवर तुकड्यांत छापून आणायचा. ते कागद जुळवून नऊ मिलिमीटरच्या प्लायवर चिकटवायचे. आधी बाहेरची कड कापायची का आतली, यावर मी दोन बोर्ड वाया घालवले. आतली आधी. आतलं कापताना बाहेरचं लाकूड पट्टीला धरून ठेवतं. बाहेरचं आधी काढलं तर पट्टी थरथरते आणि जिगसॉचं पातं तिला खातं. तीव्र वळणं जिगसॉने कापायचीच नाहीत. तिथे भोक पाडून हातकरवतीने हळूहळू जायचं. मग कानस, मग सँडपेपर, कडांना लांबी, पुन्हा सँडपेपर आणि शेवटी काळा रंग, चमक नसलेला. सुरुवातीच्या रेषेच्या जागी एक पांढरा टिपका आणि कुठल्या दिशेने धावतात त्याचा छोटा बाण. बहुतेक ट्रॅक घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात. इमोला उलटा फिरतो.

प्रत्येकाची अडचण वेगळी. जपानचा सुझुका इंग्रजी आठच्या आकड्यासारखा आहे, त्यात ट्रॅक स्वतःच्याच पुलाखालून जातो. तिथे दोन्ही पट्ट्यांना अर्ध्या जाडीची खाच घेऊन एकमेकींवर बसवलं. चौकटीच्या कोपऱ्याला सुतार करतो तोच सांधा. बेल्जियमचा स्पा डोंगरात आहे. त्याच्या सगळ्यात खालच्या आणि सगळ्यात वरच्या जागेत सुमारे शंभर मीटरचा फरक. पाच हजारास एक म्हणजे दोन सेंटीमीटर. मी मागे लहानमोठे ठोकळे लावून ती पट्टी भिंतीपासून तेवढी पुढे आणली. समोरून काही कळत नाही, पण संध्याकाळी शटरमधून तिरपं ऊन आलं की स्पाची सावली एका बाजूला जाड होते. तेव्हाच कळतं की गाडी तिथे चढावर आहे.

आता या सगळ्यामागचा माझा हेतू सांगतो. मला मुलाला गॅरेजात ठेवायचं होतं. गेल्या वर्षी त्याने शिकवण्या घेऊन पैसे साठवले आणि जुनी मोटरसायकल घेतली. भिलाईचे रस्ते तुम्ही पाहिले नसतील. टाउनशिप आखलेली आहे, सेंट्रल अव्हेन्यू सरळ आणि रुंद, दोन्ही बाजूंना झाडं, रात्री दहानंतर कुणी नाही. असा रस्ता तरुण पोराला काय सांगतो ते मला माहीत आहे. आवाजावरून मी ओळखायचो, पोरगा वळणाच्या आधी गिअर उतरवतोय की नंतर. संध्याकाळी सात ते दहा तो माझ्यासमोर प्लाय घासत असला की मला बरं वाटायचं. ट्रॅक भिंतीवर राहावेत, एवढीच माझी इच्छा होती.

डिसेंबरात त्याने इमोलाचे दोन नकाशे आणले. मला वाटलं चुकून दोनदा छापले. तो म्हणाला, "नीट पाहा." एक ५.०४० किलोमीटरचा होता, १९९४ पर्यंतचा. दुसरा आजचा, ४.९०९ चा. आमच्या प्रमाणात फरक अडीच सेंटीमीटरचा. पण जुन्या नकाशात सुरुवातीची रेषा ओलांडली की डावीकडे एक लांब, मोकळं वळण होतं, एका दमात काढलेलं. नव्यात त्या जागी रेषा अडखळत होती: डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे.

त्या वळणाचं नाव तांबुरेल्लो. १ मे १९९४ ला आयर्टन सेन्नाची गाडी तिथे सरळ बाहेर गेली आणि काँक्रीटच्या भिंतीवर आदळली. आदल्या दिवशी त्याच ट्रॅकवर रोलंट रात्झेनबर्गर हा ऑस्ट्रियाचा ड्रायव्हर गेला होता. तांबुरेल्लोची भिंत फार जवळ आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. ती मागे सरकवता येत नव्हती, कारण तिच्यामागे सान्तेर्नो नदी आहे. म्हणून पुढच्या वर्षी वळणच बदललं. गाड्यांना तिथे ब्रेक लावावा लागावा म्हणून रेषा मोडली. "माणूस गेला, तो नक्शे में निशान रह गया," मुलगा म्हणाला.

मी पटाशी खाली ठेवली. हात चालेना.

माझा धाकटा भाऊ १९९१ च्या डिसेंबरात गेला. बावीस वर्षांचा होता. मुलाला एवढंच माहीत होतं की काका अपघातात गेले. आमच्या घरात त्याच्यापुढे कधी कुणी काही बोललं नाही, आई असेपर्यंत तर नाहीच. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा सांगितलं. त्याच्याकडे आरएक्स हंड्रेड होती. शर्यत वगैरे काही लावलेली नव्हती, दारूला तो शिवत नसे. जीई रोडच्या एका वळणावर समोरून ट्रक आला, दिव्यांनी डोळे दिपले असणार, आणि गाडी हातभर बाहेर गेली. हातभरच. तिथे दिव्याचा खांब होता. रात्री अकराला वडिलांच्या खात्यातले एक जण सायकलवरून सांगायला आले. सकाळी मी ती जागा पाहिली. चाकाची खूण डांबरावरून मातीत उतरली होती आणि खांबापाशी संपली होती. खांबाच्या पलीकडे धानाचं कापलेलं शेत होतं. सपाट, मोकळं, दूरवर काही नाही. मी कित्येक वर्षं त्या शेताचा विचार करत आलो आहे.

मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग माझ्या पाटीवरचा खडू घेऊन स्पाच्या पट्टीपाशी गेला आणि भिंतीवर काढू लागला. ओ रूज आणि रॅडिलॉनच्या चढणीपाशी त्याने पट्टीच्या बाहेर एक रुंद पट्टा रंगवला. म्हणाला, "हा रन-ऑफ." गाडी बाहेर गेली तर आधी डांबराचं मोकळं मैदान, मग खडीचा थर, त्यात चाकं रुततात आणि वेग मरतो, मग टायरांची रास, आणि सगळ्यात शेवटी भिंत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आंत्वान ह्युबेर हा फ्रेंच मुलगा त्याच जागी गेला. गाडी भिंतीला आपटून परत उसळली आणि मागून येणारी तिच्यावर आदळली. २०२२ पर्यंत त्यांनी तिथली मोकळी जागा वाढवली आणि खडी पुन्हा आणली. "किती वर्षांचा होता?" मी विचारलं. "बावीस."

मग त्याने बुद्धभोवती काढलं, सुझुकाभोवती काढलं. खडूची धूळ त्याच्या बाह्यांवर पडत होती. तासाभराने भिंत ओळखू येईना. आमच्या काळ्या रेषा बारीक झाल्या होत्या आणि प्रत्येक वळणाबाहेर पांढरा पसारा पसरला होता, काही ठिकाणी ट्रॅकच्या कितीतरी पट रुंद. दोन महिने मी ज्याला ट्रॅक समजून कापत होतो ती त्यातली फक्त बरोबर चालवणाऱ्याची रेषा होती. चुकणाऱ्यासाठी सोडलेली जागा आम्ही कापून केराच्या टोपलीत टाकली होती. चाळीस वर्षं पोलादाला सूट देणाऱ्या माणसाच्या हे लक्षात आलं नव्हतं.

"आणि मोनॅको?" मी विचारलं, कारण त्याच्याभोवती त्याने खडू लावला नव्हता.

"तिथे जागाच नाही. शहराचे रस्ते आहेत, लगेच लोखंडी कठडे. म्हणून तिथे वेग कमी असतो. आणि प्रत्येक कोपऱ्यावर झेंडे घेऊन माणसं उभी असतात, डॉक्टर तयार असतात." थोडं थांबून म्हणाला, "जीई रोड भी मोनॅको ही है बाबा. फक्त माणसं उभी नसतात."

हे ऐकून मी लगेच बदललो, असं सांगायला बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. त्याला काय विचारायचं आहे ते मला कळलं होतं आणि मी आठवडाभर टाळलं. कोइम्बतूरजवळ कारी मोटर स्पीडवे आहे, २.१ किलोमीटरचा, देशी बनावटीच्या रेसिंग गाड्या बांधणाऱ्या करिवर्धन यांच्या नावाचा. तिथे काही दिवसांचं मोटरसायकल शर्यतीचं प्रशिक्षण असतं. पैसे त्याचे होते. वीस वर्षांच्या माणसाला माझी सही लागत नाही. पण तो विचारल्याशिवाय जाणार नव्हता, आणि मला ते ओझं वाटत होतं.

बायकोने स्वयंपाकघरातून एकच गोष्ट सांगितली. "२०२३ च्या ऑगस्टात मद्रासच्या ट्रॅकवर एक पोरगा गेला. तेरा वर्षांचा. मी वाचलं होतं. तुम्ही म्हणता तिथं जागा असते म्हणून. ट्रॅकवर पण माणूस मरतोच." मुलगा म्हणाला, "हो आई, मरतो." त्याने वाद घातला नाही, त्याचं मला बरं वाटलं. खडूच्या त्या पट्ट्याने काही हमी मिळत नाही. पण शंभर वेळा चुकलं तर त्यातल्या बऱ्याच वेळा माणूस उठतो, हेल्मेट काढतो, कपडे झटकतो आणि आपण कुठे चुकलो ते सांगतो. माझ्या भावाला ते सांगता आलं नाही. आणि ट्रॅक नाकारून मी मुलाला त्याच रस्त्यावर ठेवत होतो, जिथे खांब शेताच्या अलीकडे असतो.

एका रविवारी तो लॅपटॉप घेऊन गॅरेजात आला. फॉर्म भरत होता. रक्तगट, हेल्मेटचं माप, बुटांचं माप. मग थांबला. "बाबा, इमर्जन्सी कॉन्टॅक्ट में किसका नंबर डालूँ? तुमचा की आईचा?"

इतक्या दिवसांत त्याने परवानगी अशी मागितलीच नाही. हाच प्रश्न त्याने विचारला. १९९१ मध्ये आमच्याकडे फोन नव्हता. बातमी सायकलवरून आली. आता ती येण्यासाठी एक चौकोन होता आणि तो रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे जात नव्हता. मी म्हटलं, "माझा टाक. आईले नको." त्याने आकडे लिहिले. मी चष्मा लावून ते दोनदा वाचले. पॅटर्नवर माप टाकल्यावर दुसऱ्याने वाचून पाहायचं, ही आमच्या शॉपची सवय.

परवा त्याला दुर्ग स्टेशनवर सोडून आलो. डब्याच्या दारात उभा राहून म्हणाला, "बाबा, खडू पुसू नका." मी काही म्हणालो नाही. गाडी हलली, आणि प्लॅटफॉर्म संपेपर्यंत मी रुळांकडे पाहत उभा राहिलो. रूळ आमच्याच गावात बनतात. मिलमधून ते सरळ बाहेर पडतात. वळण त्यांना पुढे, बसवताना लागतं.

बायको म्हणते खडूची धूळ गाडीवर पडते, पुसून टाका. मी पुसलेलं नाही. कारीचा नकाशा त्याने जाताना छापून ठेवला आहे. बेचाळीस सेंटीमीटरची रेषा, सगळ्यांत लहान. प्लाय कापायला घेतलेला नाही. तो आला की आधी विचारणार आहे, तिथे प्रत्येक वळणाबाहेर किती जागा आहे. पट्टी मग कापीन. आधी ती जागा आखून घेऊ.